लॅटानोप्रोस्टचे थेंब: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

काचबिंदूचं निदान झाल्यापासून रोज रात्री दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रोस्टचा एकेक थेंब घालते आहे. सुरुवातीला डोळ्यांतलं प्रेशर २६ होतं, आता १७-१८ च्या आसपास असतं. (१० ते २१ हे सर्वसाधारण मानतात.) नजर सुधारलेली नाही आणि सुधारणारही नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची असते. त्या कामासाठी हे औषध मला फार चांगलं वाटतं. त्याचं अर्धं श्रेय आपल्या डोळ्यातल्या एन्झाइम्सना जातं, आणि हे कुणी समजावून सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाटलीत जे असतं ते खरं म्हणजे तयार औषध नाही. तो एक एस्टर आहे. काम करणाऱ्या आम्लाला आयसोप्रोपिलचा गट जोडून ठेवलेला असतो. कॉर्नियाचा (डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याचा) सर्वांत बाहेरचा थर स्निग्ध असतो, त्यातून नुसतं आम्ल सहज आत जात नाही, एस्टर जातो. तो कॉर्नियात शिरला की तिथले एस्टरेज एन्झाइम्स तो जोड तोडतात आणि लॅटानोप्रोस्ट आम्ल मोकळं होतं. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर यकृतात जे घडतं, त्या जातीचं काम इथे डोळाच करतो. एका थेंबात औषध असतं जेमतेम दीड मायक्रोग्रॅम! डोळ्याच्या आतल्या पाण्यात (अश्रूंमध्ये नव्हे) आम्लाचं प्रमाण साधारण दोन तासांनी सर्वाधिक होतं, प्रेशर तीन-चार तासांनी उतरू लागतं आणि आठ ते बारा तासांनी सगळ्यात खाली येतं. म्हणूनच थेंब संध्याकाळी किंवा रात्री घालायला सांगतात.

पुढचा भाग मला याहून सुंदर वाटतो. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट मोरी तुंबावी तशी अडते. हे आम्ल डोळ्याच्या आतल्या सिलियरी नावाच्या स्नायूत अशी एन्झाइम्स वाढवतं, जी स्नायूच्या तंतूंमधलं कोलॅजन विरघळवून मोकळं करतात. तिथून पाण्याला दुसरी वाट मिळते. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे द्यावे लागतात. पहिल्या तपासणीत आकडा मनासारखा नाही म्हणून धीर सोडू नका.

मला दमा आहे. त्यामुळे डॉक्टरांनी टिमोलॉल हे काचबिंदूचे दुसरे थेंब टाळले. टिमोलॉलचा बराचसा भाग अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो. दमेकऱ्याला ते धोक्याचं ठरू शकतं. लॅटानोप्रोस्ट आम्लही रक्तात पोचतं, पण यकृत ते झपाट्याने मोडतं. रक्तातला त्याचा अर्धायुकाल (प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) फक्त १७ मिनिटांचा आहे. या आठ-नऊ महिन्यांत या थेंबांमुळे माझा दमा उसळला असं एकदाही झालेलं नाही.

आता वापराबद्दल. थेंब एकच पुरे. पापणीच्या खाचेत मुळात एका थेंबापुरतीच जागा असते, दुसरा गालावर ओघळतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरावा. दिवसातून दोनदा घालून जास्त फायदा होत नाही, उलट परिणाम कमी होऊ शकतो. दुसरे थेंब चालू असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. लेन्स वापरत असाल तर काढून ठेवा, पंधरा मिनिटांनी परत लावा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. पण आमच्या नागपूरला एप्रिल-मे महिन्यांत घरात २५ अंश कुठून आणणार? मी उघडलेलीही फ्रिजच्या दारातच ठेवते आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिते.

त्रास झाला नाही असं नाही. पहिले काही आठवडे डोळे लाल राहिले. पापण्यांचे केस लांब आणि दाट झाले, पापण्यांची कड किंचित काळवंडली. बुबुळांचा रंगही गडद होऊ शकतो आणि तो बदल कायमचा असतो. माझी मुळातच गडद तपकिरी असल्याने फरक कळत नाही. डोळे कोरडे पडणाऱ्यांनी बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवण्यासाठीचं रसायन नसलेल्या थेंबांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

उन्हाळ्यात ॲलर्जीने डोळे सुजले, तेव्हा स्टेरॉइडची गरज पडली. स्टेरॉइडने प्रेशर वाढतं, म्हणून मी घाबरले होते. डॉक्टरांनी लोटेप्रेडनॉल नावाचं स्टेरॉइड दिलं, आणि त्यामागचं कारण कळल्यावर मला खरोखर आनंद झाला. फ्लोरिडा विद्यापीठातल्या निकोलस बोडोर यांनी हे औषध मुद्दाम असं रचलं की काम झाल्यावर एस्टरेज एन्झाइम्सनी ते तोडून निष्क्रिय करावं. ज्या जातीची एन्झाइम्स माझ्या रात्रीच्या थेंबाला जागं करतात, तीच या औषधाला निजवतात. तरीही काहींचं प्रेशर याने वाढतंच. मलाही दोन आठवड्यांनी मोजायला बोलावलं होतं आणि आकडा १८ च होता, पण ती तपासणी कुणीही चुकवू नये.