कुत्र्याची शी उचलायच्या कंपोस्टेबल पिशव्या, एक पावसाळा वापरून

आमची राणी देशी, अठरा किलोची, आणि रोज सकाळी सहाला रंकाळ्यावर फिरायला नेली की तिची जागा ठरलेली, नेमकी जिथनं म्हातारी माणसं चालायला जातात तिथंच बसणार. त्यामुळं उचलणं आलंच. आधी पेपरात गुंडाळून उचलत होतो, पण जून लागला की पेपराचा लगदा होतो आणि हातच भरतोय. मग पेट शॉपमधनं हिरवा रोल आणला, वर पानाचं चित्र, 'बायोडिग्रेडेबल' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि आठ महिने मी मनापासनं समजत होतो की आपण चांगलं करतोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असले रोल दहा कंपन्या विकतात.

पाकिट उलटं करून वाचलं तेव्हा कळलं की त्यावर कुठलं मानक नाही, सर्टिफिकेट नंबर नाही, काहीच नाही. 'बायोडिग्रेडेबल' नुसतं लिहिलं म्हणजे किती दिवसात, कुठं, कशात कुजणार हे कुणीच सांगत नाही. त्यातल्या काही पिशव्या 'ऑक्सो' असतात, म्हणजे साधं प्लास्टिकच पण त्यात धातूचे क्षार घातलेले, उन्हात ती तुकडे तुकडे होते आणि ते बारीक तुकडे मातीत पडून राहतात. युरोपात 2021 पासनं असल्या मालावर बंदी आहे. आपल्याकडं बघायचं ते एकच, पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, आयएस 17088 किंवा आयएसओ 17088 हा मानकाचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा सर्टिफिकेट नंबर. हे नसेल तर पानाचं चित्र कितीही हिरवं असूदे, रोल परत ठेवा.

मग मक्याच्या स्टार्चच्या पिशव्या मागवल्या, 60 पिशव्या 280 रुपयांना, म्हणजे एक पावणेपाचला पडते. आधीचा रोल याच्या निम्म्यात यायचा, ते खरं आहे. दिवसाला दोन लागतात म्हणजे महिन्याला 280, आणि मला ते जमतंय म्हणून घेतो, ज्याला नाही जमत त्यानं पेपर वापरला तरी मी काही बोलणार नाही, फक्त उचला. स्टार्चच्या म्हणतात पण निव्वळ स्टार्चच्या नसतात, त्यात पीबीएटी नावाचं पॉलिमर मिसळतात, ते बहुतेक खनिज तेलापासनंच येतं, पण कंपोस्टमध्ये कुजतंय. हाताला मऊ लागते, कॅरीबॅगसारखी चुरचुर वाजत नाही, उघडताना बोट ओलं करावं लागतं, त्यात थंडीत हात सुजले असले की जरा वेळ जातो. राणीची शी ओली असली तरी पिशवी टिकली, एकदाच खालच्या शिवणीतनं गळाली, आणि तो रोल ऑगस्टभर गाडीच्या डिकीत पडून होता. दमट जागेत आणि उन्हात ह्या पिशव्या कमजोर होतात, पाकिटावर वापरायची मुदत असते ती बघा. माझे रोल आता डाळीच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून असतात आणि पावसाळ्यात दोनच मागवतो.

आता खरी गोष्ट. कंपोस्टेबल म्हणजे कुठंही टाकली की माती झाली असं नाही. त्या मानकात बघतात ते कारखान्यातल्या कंपोस्टचं, 58 अंशाच्या आसपास गरमी आणि 180 दिवसांत 90 टक्के कुजणं. आपल्या कुंडीत तेवढी गरमी येतच नाही. आणि टिपरमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या गाडीत, टाकलेली पिशवी सुक्या-ओल्या कचऱ्यात मिसळून ढिगात दबली तर तिथं हवा नाही, मग ती पेपरपेक्षा वेगळं काय करणार.

म्हणून मी परसात रंगाचा जुना ड्रम घेतला, तळाला भोकं पाडली, दीड फूट मातीत रोवला, गुऱ्हाळावरनं आणलेली चिपाडं आणि वाळकी पानं आळीपाळीनं टाकत गेलो. जूनमध्ये त्यात एका बाजूला जुनी हिरवी पिशवी आणि दुसऱ्या बाजूला ही नवी, दोन्ही भरून गाठ मारून पुरल्या. दसऱ्याच्या आठवड्यात उकरलं. हिरवी तशीच्या तशी, पानाचं चित्र अजून वाचता येईल इतकं स्पष्ट, धुतली तर परत वापरता आली असती. नवी बोटात धरल्यावर ओल्या पापडासारखी फाटत होती, मधला भाग गेलेला, पण शिवणीची पट्टी आणि गाठ मात्र शाबूत. संक्रांतीला परत बघितलं तर पट्टी गेली, गाठीचा सुपारीएवढा गोळा शिल्लक होता. तेव्हापासनं गाठ मारत नाही, तोंड पिळून घेतो आणि ड्रममध्ये टाकताना उलगडून टाकतो, कुजायला लवकर लागतंय.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, हे खत भाजीला घालायचं नाही. कुत्र्याच्या शीतनं गोलकृमीची अंडी येतात, ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि घरच्या ड्रममध्ये मरतीलच असं नाही. लहान पोरांनी माती हाताळली आणि तो हात तोंडात गेला तर त्रास त्यांना. माझं खत फक्त जास्वंदीला आणि कुंपणाच्या बोगनवेलीला जातं, ड्रम आडापासनं लांब आहे, आणि राणीला डॉक्टरांनी सांगितलेलं जंताचं औषध वेळच्या वेळी देतो. ज्यांच्याकडं परस नाही, फ्लॅटमध्ये राहतात, त्यांनी टिपरमध्येच द्या पण पिशवीचं तोंड नीट बंद करून, कारण ती उचलणारा माणूस बऱ्याचदा हातानंच कचरा वेगळा करतोय.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो शिवणीसाठी, खालची शिवण अजून रुंद पाहिजे, ते कंपनीला मेल करून कळवलंय. दोन महिने झाले, उत्तर नाही, तरी पुढचा रोल त्यांचाच मागवलाय.