गिट-फिल्टर-रेपो: जुना कोड हलवा, इतिहासासकट

रेपोतला (गिट या साधनाने बदलांच्या इतिहासासकट सांभाळलेल्या कोडच्या साठ्यातला) एखादा फोल्डर वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, पण बिल्डमध्ये मात्र रोज आडवा येतो. असा कोड नुसता काढून टाकायचा असेल, तर गिट-फिल्टर-रेपो हे इतिहास नव्याने लिहिणारं टूल लागतच नाही. आत्ताच्या कमिटवर (बदलांच्या ताज्या नोंदीवर) टॅग, म्हणजे नावाची खूण, मारा, मग गिट आरएम (फाइल काढण्याची कमांड) आणि कमिट. इतिहास जिथल्या तिथे राहतो. पुढे फाइल हवी झाली तर गिट लॉगला दोन डॅश देऊन जुना पाथ टाका. ती कोणत्या कमिटला गेली ते कळतं, आणि त्याच्या आधीच्या कमिटवरून चेकआउट करता येते. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

फोल्डर वेगळ्या रेपोत नेऊन तिथे आर्काइव्ह करायचा असेल, तेव्हा मात्र फिल्टर-रेपोला तोड नाही. एलायजा न्यूरन यांनी लिहिलेली ही पायथनची एकच फाइल आहे. 2019 मधल्या गिट 2.24 पासून खुद्द गिटच फिल्टर-ब्रँच ही याच कामाची जुनी कमांड चालवणाऱ्याला इशारा देऊन इकडे पाठवतं. फिल्टर-ब्रँच प्रत्येक कमिटमागे शेलच्या कमांडा चालवत बसतं. फिल्टर-रेपो मात्र फास्ट-एक्स्पोर्ट आणि फास्ट-इम्पोर्ट या गिटच्या इतिहास बाहेर काढणाऱ्या आणि आत घेणाऱ्या कमांडांच्या मधे बसून सगळा इतिहास एका दमात गाळून घेतं.

स्वभाव जरा हट्टी. ताजा क्लोन (रेपोची नवी प्रत) नसेल तर सरळ नकार. त्याच मशीनवरच्या रेपोवरून क्लोन करताना --नो-लोकल द्यायला विसरलात तरी अडतं. लगेच --फोर्स (नकार डावलणारा पर्याय) मारू नका, नवा क्लोन घ्या. शेवटी ते ओरिजिन रिमोटही (जिथून क्लोन घेतला त्या रेपोचा पत्ता) काढून टाकतं. हा बग नव्हे. जुन्या रेपोवर चुकून पुश होऊ नये (बदल पाठवले जाऊ नयेत) म्हणून केलेली सोय आहे.

खरा घोळ होतो नाव बदललेल्या फोल्डरमध्ये. समजा, आजचा 'सर्व्हिसेस/इन्व्हॉइस' हा फोल्डर पूर्वी 'लिब/बिल' होता. --पाथला फक्त आजचं नाव दिलं तर नाव बदलल्याच्या आधीचा सगळा इतिहास गळून जातो, आणि एररही येत नाही! म्हणून आधी --अ‍ॅनलाइझ चालवा, रिपोर्टमधली रिनेम्सची यादी बघा आणि प्रत्येक जुन्या नावासाठी वेगळा --पाथ द्या. मग पडताळा: मूळ रेपोत दोन-तीन जुन्या फाइलींवर गिट लॉग --फॉलो चालवून सर्वांत जुन्या कमिटची तारीख टिपा, नव्या रेपोत तीच यायला हवी.

कमिटचे हॅश (ओळखखुणा) बदलतात, ते टाळता येत नाही. कमिट मेसेजमध्ये लिहिलेले जुने हॅश टूल स्वतःच बदलून देतं, तिकिटांतले आणि डॉक्समधले अर्थातच नाही. त्यासाठी जुन्या-नव्या हॅशची जोडयादी कमिट-मॅप नावाच्या फाइलमध्ये मिळते. ती डॉट-गिटच्या आत असते, म्हणजे पुशबरोबर जात नाही. क्लोन उडवण्याआधी बाहेर कॉपी करून ठेवा. कमिटवरच्या डिजिटल सह्याही टिकत नाहीत. आणखी एक बारीक काटा: मेसेजमधलं '#412' गिटहबवर (रेपो ठेवण्याच्या साइटवर) नव्या रेपोतल्या 412 नंबरच्या भलत्याच इश्यूकडे (नोंदवलेल्या तक्रारीकडे) बोट दाखवू शकतं. --मेसेज-कॉलबॅकने '#' च्या अगदी आधी जुन्या रेपोचं नाव, मालकाच्या नावासकट, जोडून घ्या. टॅगांची सरमिसळ नको असेल तर --टॅग-रिनेम आहेच.

कुरकुर एकच: मॅन्युअल लांबलचक आहे, आणि नाव बदलल्याचा हा सापळा त्यात पहिल्याच पानावर ठळक छापायला हवा होता.

नव्या रेपोत ब्रँच आणि टॅग दोन्ही पुश झाल्यावर घाईने गिटहबवरचं आर्काइव्हचं बटण दाबू नका. त्यानंतर कोड, इश्यू, विकी सगळं फक्त वाचण्यापुरतं उरतं; साधी रीडमी दुरुस्त करायची तरी आधी अनआर्काइव्ह करावं लागतं. म्हणून कोड कुठून आला, शेवटचा टॅग कोणता, त्याच्याऐवजी आता काय वापरायचं, हे रीडमीत लिहा, उघडे इश्यू बंद करा, मग बटण. जुन्या रेपोतलं गिट आरएम त्यानंतर, आणि त्या कमिटच्या मेसेजमध्ये नव्या रेपोचा पूर्ण पत्ता.