अभयारण्याची हद्दवाढ की संवर्धन राखीव क्षेत्र? ठरावाआधीची तुलना

शेजारच्या अभयारण्याची हद्द वाढवून गावालगतचं राखीव वन (वनखात्याच्या ताब्यातलं सरकारी जंगल) त्यात घ्यायचा प्रस्ताव आला, की ग्रामसभेत दोन तट पडतात. एक म्हणतो जंगल वाचेल, दुसरा म्हणतो हातचं जाईल. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण त्याच सरकारी जमिनीला दुसराही दर्जा देता येतो: संवर्धन राखीव क्षेत्राचा. कायदा तोच, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. ही तरतूद त्यात २००२च्या दुरुस्तीनं आली.

मुख्य फरक कलम २९चा. अभयारण्यातून मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय वनउपज काढता येत नाही, आणि काढू दिलीच तरी ती घरगुती गरजेपुरती, विकण्यासाठी नव्हे. वर सर्वोच्च न्यायालयाचा २०००चा आदेश आहेच: वाळलेली, पडलेली झाडं आणि गवतसुद्धा हलवायचं नाही. ज्या गावाचा उन्हाळा तेंदूपत्ता आणि बांबूवर निघतो, त्याची धास्ती उगाच नाही. चराई अभयारण्यात सरसकट बंद नसते (ती बंदी राष्ट्रीय उद्यानात), पण गुरं कुठे आणि किती, हे वनखातं ठरवतं. संवर्धन राखीव क्षेत्राला कलम २९ लागूच होत नाही. आग लावणं, घातक पदार्थ वापरणं वगैरेंवर बंदी येते. बाकी राखीव वनाचे जुने नियम चालू राहतात.

मग संवर्धन राखीवच बरं, असं चटकन वाटेल. पण जे कलम तेंदू विकू देत नाही, तेच रस्ता, धरण आणि वीजवाहिनीलाही आडवं येतं. अभयारण्यातल्या अशा प्रकल्पाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जावं लागतं. खाणीचं तर आणखी स्पष्ट आहे: अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आणि त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये पुन्हा बजावलं. त्या आदेशात संवर्धन राखीव क्षेत्रांचा उल्लेख नाही. तिथे खाणीला अडवायला मुख्यतः १९८०चा वन संवर्धन कायदा उरतो, आणि तो मुळात अटी घालून परवानगी देण्याचाच कायदा आहे.

गावाला विचारतात का? संवर्धन राखीव जाहीर करण्याआधी स्थानिकांशी सल्लामसलत कायद्यानं बंधनकारक आहे, आणि व्यवस्थापन समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. समिती सल्ला देणारी, हेही लक्षात असू द्या. अभयारण्याच्या बाबतीत एक खाचखळगा फारसा कुणी सांगत नाही. एरवी हक्कांची चौकशी जिल्हाधिकारी करतात. जमीन राखीव वन असेल तर ती चौकशी पुन्हा न करता थेट अधिसूचना काढता येते. म्हणजे गाव ज्या वहिवाटीवर जगतं, ती कागदावर नसेल तर ती कुणी मोजतच नाही.

मागे फिरणं अभयारण्यात अवघड. हद्द बदलायला राष्ट्रीय मंडळाची शिफारस लागते. १९७९चं माळढोक अभयारण्य सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं. त्यात माणसांच्या खासगी जमिनी अडकल्या. ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणेपर्यंत तीन दशकं गेली, आणि माळढोक पक्षी तरीही जवळजवळ दिसेनासा झाला. सरकारी वनजमिनीत एवढा गुंता होत नाही. तरी अभयारण्याभोवती येणारा, काही कामांवर बंधनं घालणारा पर्यावरण संवेदनशील पट्टा खासगी शेतांवरूनही जाऊ शकतो, म्हणून नकाशा मागून घ्यावा.

माझं मत विचाराल तर जंगलावर खाणीचा किंवा मोठ्या प्रकल्पाचा खरोखर डोळा असेल, तर अभयारण्याला पर्याय नाही, त्रास सोसूनही. तसा धोका नसेल आणि पट्टा दोन संरक्षित जंगलांना जोडणारा असेल, तर संवर्धन राखीव पुरतं. २०२०मध्ये जाहीर झालेलं सिंधुदुर्गातलं तिलारी, २९.५३ चौरस किलोमीटर, असंच गोव्यातल्या म्हादई आणि कर्नाटकातल्या भीमगड या अभयारण्यांच्या बाजूचं.

पर्याय कोणताही घ्या, त्याआधी २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरण्याच्या आणि सांभाळण्याच्या हक्काचा, दावा दाखल करा. हा कायदा अभयारण्यातल्या वनजमिनीलाही लागू आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळवला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे अभयारण्य नव्हतं, हेही खरं. अभयारण्यात विक्रीवरून वनखातं आणि ग्रामसभा यांच्यात ओढाताण होणारच. पण हातात हक्कपत्र असलेल्या ग्रामसभेला ती ओढाताण करता तरी येते. दाव्यासोबत चराईच्या वाटा, पाणवठे आणि देवराई दाखवणारा नकाशा जोडा, आणि हद्दवाढीच्या ठरावात त्या दाव्याची तारीख लिहून घ्या.