वाटिर, रुबी आणि शेतकऱ्यातला र

आधी माझी ओळख देते, म्हणजे पुढचं कौतुक आणि कुरकुर कुणाची ते कळेल. मी टेस्टर. सोळा वर्षं झाली, त्यातली पहिली सात हातानं बटणं दाबण्यात गेली. आता सांगलीत घरी बसून पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं काम करते. आमच्या एका गिऱ्हाइकाची मराठी वेबसाइट आहे: शेतमालाची आवक, हमाली-तोलाईच्या पावत्या, शेतकऱ्यांची खाती. तिच्या १८३ ब्राउझर टेस्ट रोज रात्री दोनला चालतात आणि सकाळी चहाचं आधण ठेवून मी मोबाइलवर बघते, किती लाल, म्हणजे किती फसल्या. टेस्ट रुबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या आहेत आणि ब्राउझर हलवायचं काम वाटिर नावाचं जेम, म्हणजे रुबीत जोडायचं तयार पॅकेज, करतं. तीन वर्षं माझी सकाळ कशी जाणार हे तेच ठरवतंय, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क माझा आहेच.

‘वेब ॲप्लिकेशन टेस्टिंग इन रुबी’ची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. उच्चार म्हणे इंग्रजीतल्या पाण्यासारखा करायचा. आमच्याकडे सगळे वाटिरच म्हणतात. सुरुवातीला हे विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर तेवढा चालवायचं. आता पोटात सेलेनियम वेबड्रायव्हर हे ब्राउझर चालवणारं साधन आहे आणि वाटिर त्याच्यावर बसलेलं. फुकट आहे, मुक्त-स्रोत आहे.

हे गाठोडं माझ्याकडे आलं तेव्हा कोडात ४१ ठिकाणी ‘स्लीप’ होतं. पान उघडायला वेळ लागतो म्हणून पाच सेकंद झोप, यादी भरायला वेळ लागतो म्हणून दहा सेकंद झोप. एका ठिकाणी तर ‘स्लीप ४५’, आणि शेजारी कमेंट: ‘काढू नये’. कुणी लिहिलं, का लिहिलं, पत्ता नाही. आवृत्तीही जुनी, आपोआप थांबणं न येणारी.

२०१६ साली वाटिरची ६ नंबरची आवृत्ती आली तेव्हापासून ते स्वतःच थांबायला शिकलंय. तुम्ही नुसतं सांगायचं, अमुक बटण दाब. बटण अजून पानावर आलं नसेल तर वाटिर ३० सेकंदांपर्यंत वाट बघतं, आलं की लगेच दाबतं. आम्ही ७ वर आलो आणि आठवडाभरात मी ३४ स्लीप उपटून टाकले. रात्रीची फेरी पावणेदोन तासांवरून बावन्न मिनिटांवर आली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी तीन तारे आंधळेपणानं दिले असते.

पण ह्या थांबण्याची एक खोच आहे आणि ती मला महागात पडली. दाबणं, लिहिणं, निवडणं यासाठी वाटिर थांबतं. ‘एक्झिस्ट्स?’ आणि ‘प्रेझेंट?’ या दोन प्रश्नांना मात्र ते जागच्या जागी उत्तर देतं. आहे तर आहे, नाही तर नाही. आमच्या एका टेस्टमध्ये लिहिलं होतं: चूक झाल्याचा निरोप दिसतोय का? दिसत नसेल तर पास. निरोप यायला दीड सेकंद लागायचा, प्रश्न त्याच्या आधीच विचारून व्हायचा, उत्तर ‘नाही’, टेस्ट हिरवी. चार महिने हिरवी! पावती रद्द करताना साइट रोज चूक दाखवत होती आणि आम्ही रोज ‘सगळं छान’ असा मेल पाठवत होतो. लाल टेस्ट निदान त्रास तरी देते. आता नियम केलाय की असा प्रश्न विचारायच्या आधी ‘वेट अंटिल’नं (अमुक होईपर्यंत थांब) दुसऱ्या कशाची तरी खात्री करायची, उदाहरणार्थ पावतीच्या स्थितीचा रकाना बदलला का.

आता चूक सांगणाऱ्या निरोपांबद्दल, कारण दुरुस्तीचं अर्धं काम तिथेच असतं आणि नवीन पोरं नेमकं तेच वाचत नाहीत. आमचा एक ज्युनिअर रोज सकाळी लिहितो, “ताई, टाइमआउट आलाय.” अरे, टाइमआउट कुठला? वाटिर दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. एकात म्हणतं, ३० सेकंद शोधलं, सापडलंच नाही. सोबत ‘लोकेटेड: फॉल्स’ असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही नेमकं काय शोधायला सांगितलं होतं तेही. दुसऱ्यात म्हणतं, वस्तू सापडली, पण ती दिसेपर्यंत किंवा चालू होईपर्यंत थांबून वेळ संपला. पहिला आला तर तुमचा पत्ता (लोकेटर, म्हणजे वस्तू ओळखायची खूण) चुकलाय, नाहीतर तुम्ही चुकीच्या पानावर किंवा आयफ्रेमच्या, म्हणजे पानातल्या दुसऱ्या पानाच्या, बाहेर उभे आहात. दुसरा आला तर घर बरोबर आहे, दार बंद आहे.

दुसऱ्याचं उदाहरण. ‘नवीन नोंद’चं बटण माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित दाबलं जायचं, रात्री सर्व्हरवर मात्र ‘सापडलं, पण दिसत नाही’. दोन दिवस गेले. शेवटी लक्षात आलं की सर्व्हरवर क्रोम हेडलेस, म्हणजे पडद्यावर न दिसता, चालतो आणि त्याची खिडकी मूळची ८०० बाय ६०० ची. एवढ्या चिंचोळ्या खिडकीत आमची साइट स्वतःला मोबाइल समजते आणि बटण तीन आडव्या रेघांच्या मेनूत लपवते. खिडकी १४०० बाय ९०० केली, संपलं. डेव्हलपरचं नेहमीचं “माझ्या मशीनवर तर चालतंय की” हे त्या दिवशी खरं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मला वाटिर आवडतं याचं खरं कारण मात्र आयआरबी आहे. रुबीचं कन्सोल उघडायचं, वाटिर बोलवायचं, ब्राउझर समोर उघडतो आणि मग त्याच्याशी एकेक ओळीनं बोलायचं. किंवा फसणाऱ्या ओळीच्या आधी ‘बाइंडिंग डॉट आयआरबी’ लिहून टेस्ट चालवायची. टेस्ट बरोब्बर तिथे थबकते, ब्राउझर तसाच उघडा राहतो, आणि तुम्ही विचारू शकता: बाई गं, तुला इथे किती बटणं दिसतायत? त्यांच्यावर काय काय लिहिलंय? ‘फ्लॅश’ म्हटलं की ती वस्तू पानावर लाल लुकलुकते, म्हणजे आपण जिला धरलंय ती हीच का ते डोळ्यांनी कळतं. लॉगवर नजर लावून अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. सेलेनियम नुसतं वापरूनही असं करता येतं, पण वाटिरची वाक्यं वाचायला माणसासारखी आहेत, टाइप करायला आळस येत नाही.

ह्याच आयआरबीनं मला शेतकऱ्यातला र दाखवला.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अकरा टेस्ट एकदम लाल. सगळ्यांत एकच तक्रार: ‘शेतकऱ्यांची यादी’ हे बटण नाही. ‘लोकेटेड: फॉल्स’. स्क्रीनशॉट उघडला तर बटण ठसठशीत समोर. ज्युनिअर म्हणाला, “ताई, दिसतंय की हो!” मलाही दिसत होतं. लोकेटर पुन्हा टाइप केला, नाही. पुढे-मागे स्पेस असेल म्हणून पाहिलं, नाही. मग पानावरचा मजकूर उचलून लोकेटरमध्ये चिकटवला, आणि सापडलं! म्हणजे मी टाइप केलेलं आणि पानावरचं ही दोन वेगळी माणसं होती, चेहरा तेवढा एक.

रुबीत कुठल्याही मजकुरावर ‘कोडपॉइंट्स’ म्हटलं की त्यातलं एकेक अक्षर युनिकोडच्या आकड्यात मिळतं. दोन्ही एकाखाली एक छापले, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत. माझ्या लोकेटरमध्ये ‘ऱ’साठी ९३१ आणि पुढे हलन्त. पानावर ९३०, म्हणजे आपला साधा र, मग हलन्त, आणि त्याच्या शेपटीला २००डी, म्हणजे न दिसणारा जोडक. शेतकऱ्यांची आणि शेतकर्‍यांची. बघा, डोळ्यांना फरक सापडतोय का. इनस्क्रिप्ट कळफलकावर मी शिफ्ट धरून जे दाबते तो वेगळा र आहे. साइटचं भाषांतर ज्यांनी नव्यानं भरलं त्यांच्या कळफलकानं तोच आकार दुसऱ्या वाटेनं काढला होता. मराठीतला हा अर्धा र अशा दोन तऱ्हांनी लिहिला जातो हे सोळा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

रुबीत ‘युनिकोड नॉर्मलाइझ’ आहे, ते लावून पाहिलं. त्यानं नुक्ता दिलेला र आणि ऱ हे एक होतात, पण हा अदृश्य जोडक जसाच्या तसा राहतो. शेवटी स्वतःच एक छोटी मेथड लिहिली, जोडकवाला र दिसला की त्याचा ऱ करणारी. लोकेटरसाठी ती चालत नाही, कारण शोध पानावरच्या मूळ अक्षरांत होतो. तिथे वाटिरला मजकुराच्या जागी रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना, दिला, दोन्ही र चालतील असा.

इथे थांबले असते तर टेस्ट हिरव्या होऊन विषय मिटला असता. पण डोक्यात किडा वळवळला. साइटच्या शोधखिडकीत मी माझ्या कळफलकावरून ‘कऱ्हाड’ टाइप केलं. शून्य नोंदी. दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केलं तर यादी भरली. म्हणजे कऱ्हाडचा, नाहीतर कुऱ्हाडे आडनावाचा माणूस काउंटरवर उभा आहे, आणि पलीकडचा कारकून कुठला कळफलक वापरतो यावर त्याचं खातं ‘आहे’ की ‘नाही’ ते ठरतंय. अकरा टेस्ट फ्लेकी (कधी पास, कधी नापास) म्हणून बाजूला टाकायचा प्रस्ताव त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये खरोखर आला होता.

बाकी भानगडी वाटिरच्या खालच्या मजल्यावरच्या आहेत, पण ओरडा त्याच्याच नावानं होतो. जुलै २०२३ मध्ये क्रोम ११५ आला, क्रोमड्रायव्हर (क्रोम हलवणारा मधला प्रोग्राम) मिळण्याची जागा बदलली, आणि ‘हा ड्रायव्हर फक्त ११४ चालवतो’ अशा निरोपानं सगळंच्या सगळं लाल. सेलेनियम ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर सोबतच येतो, तो ड्रायव्हर स्वतः शोधून आणतो. आमच्या जेमफाइलीत, म्हणजे जेमांच्या यादीत, जुनी आवृत्ती बांधून ठेवलेली होती, ती सोडली की झालं. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) ‘टॅब क्रॅश्ड’ आलं तर सामायिक मेमरी बघा, डॉकर मूळची ६४ एमबीच देतो आणि क्रोमला ती चिमटीभर वाटते. आणि डॉकरमधल्या स्क्रीनशॉटवर मराठीऐवजी चौकोन चौकोन दिसले तर घाबरू नका, देवनागरी फॉन्ट टाकलेले नाहीत एवढंच. टेस्ट चौकोनांवरही पास होतात, अक्षरं पानात असतातच.

आता कुरकुर. वाटिर जुनी झालेली वस्तू आपणहून पुन्हा शोधतं. सेलेनियमचा तो कुप्रसिद्ध ‘स्टेल एलिमेंट’, म्हणजे वस्तू शिळी झाल्याचा एरर, त्यामुळे जवळजवळ दिसत नाही, आणि बहुतेक वेळा हे वरदानच. पण ‘तिसरी ओळ’ म्हणून तुम्ही एक ओळ धरून ठेवलीत, मधेच टेबल नव्यानं रचलं गेलं, तर वाटिर मुकाट्यानं आताची तिसरी ओळ हातात देतं. आमच्या टेस्टनं असा भलत्याच शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलला होता, टेस्ट डेटाबेसमध्ये, सुदैवानं. ओळ नेहमी खाते क्रमांकावरून धरा.

दुसरं, लोडरचा पारदर्शक पडदा आड आला की क्लिक पडद्यावर पडेल म्हणून चूक येते. पडदा जाईपर्यंतचं ‘वेट व्हाइल’ मला माझ्या हातानं लिहावं लागलं. तिसरं, चुकीचा पत्ता दिला की प्रत्येकी ३० सेकंद वाया. वीस टेस्टचा पत्ता एकदम चुकला तर दहा मिनिटं नुसती टकटक बघत बसा. मी घरी काम करताना ही मर्यादा १० वर आणते.

आणि माणसं कमी. अडलं तर जी उत्तरं सापडतात त्यातली बरीच जुन्या आवृत्तीची, ‘व्हेन प्रेझेंट’ वापरा सांगणारी, जे आता चालतच नाही. रेल्सवाल्यांना (रेल्स म्हणजे रुबीत वेबसाइट बांधायची चौकट) कॅपिबारा हे वाटिरसारखंच साधन रेल्ससोबतच मिळतं आणि त्यांची वस्ती मोठी आहे, जरी त्याचा मूळचा धीर दोन सेकंदांचाच. प्लेराइट नावाच्या आणखी एका साधनात टेस्ट फसली की अख्खा प्रवास मागे-पुढे करून बघता येतो. त्याचा मला हेवा वाटतो, पण रुबीला त्यांचा अधिकृत पाठिंबा नाही. नवी टीम, नवं काम असेल तर मी वाटिर घ्याच म्हणून भरीला घालणार नाही. रुबी येत असेल, साइट रेल्सची नसेल किंवा तिचा कोड तुमच्या हातात नसेल, आणि माझ्यासारखं आयआरबीत बसून खोदकाम करणारं एखादं माणूस असेल, तर डोळे मिटून घ्या. माझे चार तारे.

४१ पैकी एक स्लीप अजून आहे. तोच, ४५ सेकंदांचा. ओटीपीच्या पडद्यानंतरचा. त्याच्या जागी मी नऊ वेगवेगळे ‘वेट अंटिल’ लावून पाहिले. लॅपटॉपवर नऊच्या नऊ चालले आणि रात्री दोनला एकही नाही. ‘काढू नये’च्या खाली मी आता तारीख आणि माझी आद्याक्षरं टाकली आहेत.