एल्नेकचा ऑनलाइन कोर्स: वॉर्डातल्या पहिल्या मृत्यूआधी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना द्यावा का?

द्यावा, पण नुसता लॉगिन देऊन मोकळं होऊ नये.

एल्नेक हा मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा शिकवणारा उपक्रम २००० साली अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने आणि कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेने मिळून सुरू केला. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ऑनलाइन कोर्सचे सहा भाग आहेत: पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) नर्सिंगची ओळख, संवाद, वेदना, इतर लक्षणं, शोक आणि शेवटचे तास. एकेका भागाला साधारण तासभर लागतो. भाषा इंग्रजी.

सगळ्यात मोलाचा भाग शेवटचा. गुडघ्यांवर, तळपायांवर उठणारे जांभळट चट्टे, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा श्वास, घशातली घरघर हे सगळं आधी माहीत असलं की विद्यार्थी घाबरून सक्शनकडे (नळीने स्राव ओढून काढणाऱ्या यंत्राकडे) धावत नाही. खोलवर सक्शन केल्याने रुग्णाला त्रासच होतो आणि स्राव पुन्हा जमतो. त्याला कुशीवर वळवायचं, तोंड ओल्या गॉजने पुसायचं. ग्लायकोपायरोलेट या औषधाची ऑर्डर असेल तर ते वेळेत द्यायचं. ते नवा स्राव कमी करतं, साचलेला काढत नाही.

कोर्स कमी पडतो तो आपल्या वॉर्डाच्या बाबतीत. कोर्समागची व्यवस्था अमेरिकेची: हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा), समाजसेवक, धर्मगुरू सगळे हाताशी. आपल्याकडे रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एक-दोन सिस्टर आणि खाटेभोवती नातेवाईकांची गर्दी. वेदनांच्या भागात मॉर्फिन मिळणारच असं धरलेलं आहे. भारतात मॉर्फिनसारख्या अमली औषधांवरचा एनडीपीएस कायदा २०१४ साली सुधारून सैल केला, तरी अनेक वॉर्डांत ते आजही हाताशी नसतं. ही तफावत ट्यूटरनेच वर्गात बोलून दाखवावी.

दुसरी उणीव हातांच्या कामाची. बॉडीची तयारी स्क्रीनवर शिकता येत नाही, ती मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) करून घ्यावी. डोक्याखाली एक उशी ठेवायची, नाहीतर चेहरा काळानिळा पडतो. पापण्या हलकेच मिटवायच्या, कवळी असेल तर बसवायची, जबड्याला आधार द्यायचा, हातपाय सरळ करायचे. ताठरपणा दोन-चार तासांत सुरू होतो, म्हणून हे सगळं लगेच. ओळखपट्ट्या दोन: एक अंगावर, एक चादरीवर. आणि केस एमएलसी (पोलिसांकडे नोंदवायची) असेल तर ट्यूब, कॅन्युला, कॅथेटर काहीही काढायचं नाही, अंग पुसायचं नाही. नेमकी इथेच चूक होते, कारण नीटनेटकं करायची सवय अंगवळणी पडलेली असते.

सिम्युलेशन (सरावासाठी रचलेला प्रसंग) घेताना मॅनिकिनचा मृत्यू विद्यार्थ्याच्या चुकीमुळे घडवू नका. मनात अपराधीपणा बसतो आणि शिकणं तिथेच थांबतं. मृत्यू होणार आहे हे आधी सांगा. प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर चर्चेला अर्धा तास ठेवा. आधी मनात काय आलं ते विचारा, तंत्रातल्या चुका नंतर. पोस्टिंगवर (वॉर्डातल्या शिकाऊ कामावर) खरा मृत्यू झाला तर त्याच पाळीत दहा मिनिटं बाजूला बसवा. रडू आलेल्या मुलीला ‘सवय होईल’ म्हणून लगेच दुसऱ्या खाटेचे व्हायटल्स (नाडी, बीपी वगैरे) घ्यायला पाठवणं हा सगळ्यात वाईट प्रघात आहे, आणि तो अजून सर्रास चालतो.

शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका. पाचवा आणि सहावा भाग पहिल्या मेडिसिन पोस्टिंगआधी वर्गात, ट्यूटरसोबत थांबत थांबत पाहावेत; उरलेले चार विद्यार्थी घरी करू शकतात.