आरसेटी की कौशल्य योजना?

दोन्हीकडं प्रशिक्षण फुकट, निवासी बॅच असेल तर राहणं-खाणंही आलंच. पण आरसेटी, म्हणजे बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, स्वतःच्या धंद्यासाठी, तर दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना नोकरीसाठी.

आरसेटी जिल्ह्याच्या ठिकाणी. शेळीपालन, शिवणकाम, मोटार रिवायंडिंग. बहुतेक कोर्स 10 ते 45 दिवसांचे. रोवणी किंवा कापूस वेचणीच्या हंगामात अर्धी बॅच गळते, म्हणून उन्हाळ्यातली पकडा. खरी अडचण पुढं येते. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे कर्ज मिळालं, असं नाही. पीककर्ज थकीत असेल तर बँक फाईल बाजूला ठेवते. आधी थकबाकी मिटवा, मशीनचं कोटेशन जोडा, मग अर्ज करा. नंतर दोन वर्षं पाठपुरावा संस्थेनं करायचा असतो; आपणही फोन करत राहा.

कौशल्य योजना 'उमेद', म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. वय 15 ते 35, महिलांना 45 पर्यंत. प्रशिक्षण किमान तीन महिने. नोकरी बहुधा पुण्याकडं लागते आणि पगार खोलीभाड्यातच जातो. नोकरी लागल्यावर महिना 1000 रुपये साहाय्य असतं: जिल्ह्यात 2 महिने, राज्यात 3, बाहेर 6. त्यासाठी पगारपत्रक जपून ठेवा.

घरी दोन एकर नि चार शेळ्या असतील, तर आरसेटीच बरी.