अंदमानातलं जेवण: पॅकेजच्या ताटापेक्षा बाजारातली खानावळ बरी

सांगली-साताऱ्याहून अंदमानला जाणाऱ्यांना एकच सल्ला आधी: पॅकेज घेताना सकाळचा नाश्ता तेवढा घ्या, दोन्ही वेळचं जेवण घेऊ नका. रिसॉर्टच्या बुफेत पनीर, जिरा राईस, डाल फ्राय आणि गुलाबजाम हेच असतं. ते आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये मिळतं आणि चवीलाही आपल्याकडचंच उजवं असतं. शिवाय दुपारी जेवायच्या वेळी तुम्ही असता बोटीत नाहीतर किनाऱ्यावर, आणि तुमचं भरलेलं जेवण असतं हॉटेलात. सोबत वयस्कर मंडळी असतील आणि पथ्यपाणी सांभाळायचं असेल तर स्वतःचा महाराज, म्हणजे स्वयंपाकी, घेऊन जाणारी ग्रुप टूर जरूर घ्यावी, ती सोय मोलाची आहे. बाकीच्यांनी बाजारात जेवावं.

कारण साधं आहे. बेटांवर मासे, नारळ, केळी, पपई आणि थोडी भाजी तिथली. बटाटा, कांदा, डाळ, पीठ, गॅसचं सिलिंडर असलं बरंच काही चेन्नई-कोलकात्याकडून जहाजानं येतं. म्हणजे मेनूकार्डावर जितकी नावं जास्त, तितका फ्रीजमधला आणि जहाजातला माल जास्त. चार पदार्थ करणारी खानावळ त्या दिवशी जे आलं तेच शिजवते. बसण्याआधी ‘आज कौनसा मछली आया है?’ एवढंच विचारा. हिंदी सगळीकडे चालते, भाषेची अडचण येत नाही. उत्तरादाखल एक-दोन नावं आली तर बसा. ‘सब है’ असं उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

जेवणाच्या वेळाही तिथल्या उन्हाप्रमाणे पाळाव्या लागतात. घड्याळ आपलंच, पण बेटं ९२-९३ रेखांशावर, आपल्यापेक्षा खूप पूर्वेला. डिसेंबरात साडेपाचपर्यंत काळोख होतो आणि पहाटे पाचला उजाडायला लागतं. पहाटेच चहाच्या टपऱ्या सुरू होतात. दुपारची थाळी बारा ते दीड या वेळेत ताजी असते, अडीचनंतर पातेल्याच्या तळाचं वाढलं जातं. रात्री साडेआठला हॅवलॉक बेटाच्या बाजारातली साधी दुकानं आवरायला लागतात. आपल्याकडच्या सवयीनं साडेनऊला बाहेर पडलात तर पर्यटकांसाठीची महागडी कॅफेच उरतात.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, इथं सेल्युलर जेलसाठी एक मुक्काम होतोच. जेलपासून अबरडीन बाजार जवळ आहे, पण रस्ता चढ-उताराचा. शाकाहारी माणसानं सरळ बाजारातलं अन्नपूर्णा गाठावं: दाक्षिणात्य नाश्ता आणि उत्तरेकडच्या भाज्या दोन्ही मिळतात. मासे खाणाऱ्यांनी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांतल्या तमिळ आणि तेलुगू खानावळी बघाव्यात. भात, सांबार, रसम, एक भाजी आणि वर तळलेल्या माशाचा तुकडा असं ताट असतं. मसाला लाल तिखट, हळद आणि कढीपत्त्याचा, त्यामुळे आपल्या जिभेला पहिल्या घासापासून पटतो. मरीना पार्कच्या बाजूला संध्याकाळी भेळ-पाणीपुरीच्या गाड्या लागतात. त्या टाळल्या तरी काही बिघडत नाही. शहरात पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते, म्हणून पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा नकोच.

खरं जेवण हॅवलॉकला. कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप, बोलण्यात अजून हॅवलॉकच. धक्क्यापासून थोड्या अंतरावर गोविंदनगरचा बाजार आहे, त्याला तीन नंबर म्हणतात. बेटावरची मुख्य वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, त्यामुळे खानावळी बंगाली पद्धतीच्या. पत्र्याचं छप्पर, बाकडी, स्टीलची ताटं. भात, मुगाची किंवा मसुराची डाळ, एखादी पालेभाजी नाहीतर भोपळ्याची भाजी, बटाट्याचे तळलेले काप आणि माशाचा रस्सा. भात आणि डाळ बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. मासा मात्र एकच तुकडा, दुसरा घेतला की त्याचे पैसे वेगळे.

या थाळीत आपल्याकडची माणसं दोन ठिकाणी हमखास फसतात. एक तेल. रस्सा मोहरीच्या तेलात असतो. शेंगतेलावर वाढलेल्या माणसाला तो वास पहिल्यांदा नाकात जातो. तेल धूर येईपर्यंत तापवून मग फोडणी दिली असेल तर उग्रपणा बराच उतरतो. घाईत तापवलेलं असेल तर घशाशी कडवट लागतं. आधी रश्श्याची एक वाटी मागून चाखा. नाहीच जमलं तर ‘रिफाइन में फ्राय’ सांगा, तुकडा वेगळा तळून देतात. दुसरं, मासा कुठला. या खानावळींत रोहू आणि कटलाही शिजतात, आणि ते मुख्य भूमीवरून बर्फात आलेले असू शकतात. कृष्णेच्या आणि कोयनेच्या पाण्यात जे मिळतं ते खायला एवढ्या लांब जायचं कारण नाही. ‘समुंदर का मछली’ असं स्पष्ट सांगा. सुरमई, तांबोशी, कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो ट्यूना, हे तिथल्या पाण्यातले. ट्यूना रश्श्यात जास्त शिजला की कोरडा, भुशासारखा होतो. तो तव्यावर घ्यावा. रश्श्याला तांबोशी किंवा सुरमई.

संध्याकाळी बाजारात आणि किनाऱ्यालगतच्या ढाब्यांवर बर्फावर मासे मांडून ठेवतात. तुम्ही निवडायचा, ते भाजून देणार. पैसे जातात ते इथंच. भाव सांगताना काही जण शंभर ग्रॅमचा सांगतात आणि ऐकणाऱ्याला तो अख्ख्या माशाचा वाटतो. तीन गोष्टी वजनाआधी ठरवून घ्या: भाव किलोचा की शंभर ग्रॅमचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि भाजणावळ व सोबतचा भात-सॅलड त्यातच की वेगळं. मग वजनकाटा डोळ्यांसमोर बघायचा. दोघांना सातशे-आठशे ग्रॅमचा अख्खा मासा पुरतो. शेवंड, म्हणजे लॉबस्टर, घेणार असाल तर हिशेब नीट करा. अर्ध्या किलोच्या शेवंडीत डोकं आणि कवच जाऊन खायला दीड-दोनशे ग्रॅमच मांस उरतं. त्या पैशात चौघांची तांबोशी होते आणि चवीलाही तीच सरस. शेवंड एकदा खाऊन बघायची असेल तर चौघांत एक घ्यावी.

मासा ताजा आहे का ते बघायची रीत सगळीकडे एकच: डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला उघडला की आत लालभडक हवा, बोटानं दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. डोळा आत गेलेला आणि कल्ला तपकिरी झालेला असेल तर तो मासा कालचा-परवाचा. मांडलेल्या माशाचा कल्ला उघडून दाखवायला दुकानदार कुरकुरला तर तिथं खाऊच नका. आणि लाल रंगाचा तंदुरी मसाला मागू नका. शिळेपणा झाकायला तो फार सोयीचा पडतो. मीठ, लिंबू, मिरी आणि लसूण एवढंच लावून वीस मिनिटं मुरवायला सांगा. चिरा काट्यापर्यंत गेलेल्या हव्यात, नाहीतर वरून करपतो आणि काट्यालगत कच्चा राहतो. चांगल्या भाजलेल्या माशाचं मांस काट्यापासून चमच्यानं सहज सुटतं. चिकटून राहिलं, गुलाबी दिसलं, तर परत निखाऱ्यावर द्या. संकोच करू नका. कुणी नारळखेकडा खाऊ घालतो म्हणाला तर ठाम नकार द्या. तो कायद्यानं संरक्षित जीव आहे.

शाकाहारी मंडळींसाठी हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं. बंगाली खानावळीत ‘व्हेज थाली’ मिळते, पण डाळीत माशाचं डोकं घालायची तिथली पद्धत आहे आणि दुधी भोपळ्याच्या भाजीत बारीक कोळंबी असते. ते फसवत नाहीत, त्यांच्या घरी तशीच भाजी होते. म्हणून ‘व्हेज है क्या’ एवढं विचारून थांबू नका. ‘दाल में मछली का सर, सब्जी में झींगा तो नहीं?’ असं नाव घेऊन विचारा. कढई आणि पळी एकच असते हेही गृहीत धरा. ज्यांना ते चालत नाही त्यांनी शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य उपाहारगृहच निवडावं. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी मुक्काम ठरवतानाच हॉटेलशी बोलून ठेवावं. ऐन वेळी बाजारात ते जमत नाही.

हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्यावर, म्हणजे सात नंबरला, फाटकाजवळ टपऱ्यांची रांग आहे. शहाळं, भजी, मॅगी, फळांची डिश. शहाळं प्या, मलई काढून मागा. भजी समोर तळलेली असतील तरच. कालापत्थर किनाऱ्यावर मीठ-तिखट लावलेली पपई, अननस, कैरी मिळते. फळ समोर कापून घ्या, झाकणाखाली कापून ठेवलेलं नको. चहाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. ताजं दूध कमी, बहुतेक टपऱ्यांवर पावडरीचा चहा. लिंबू घातलेला कोरा चहा त्यापेक्षा चांगला लागतो.

नील, आताचं शहीद द्वीप, हे भाजीपाल्याचं बेट. म्हणून शाकाहारी थाळी नीलच्या बाजारातच खावी: वांगी, भोपळा, पालेभाजी तिथल्याच शेतातली. एका दिवसात जाऊन येणारे सगळे दुपारी एकाच वेळी भरतपूर किनाऱ्याच्या टपऱ्यांवर तुटून पडतात. बाजार तिथून लांब नाही, तिकडं जा.

बाराटांग बेटावर जाताना जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटेच्या कॉन्व्हॉयसाठी, म्हणजे एकत्र सोडल्या जाणाऱ्या ताफ्यासाठी, गाड्या थांबतात. तिथं इडली, वडा, पुरीभाजी मिळते. पोटभर तिथंच खा, कारण पुढे जारवा आदिवासींच्या राखीव जंगलात गाडी थांबवायला, फोटो काढायला आणि कुणाला खायला द्यायला कायद्यानं बंदी आहे. चुनखडीच्या गुहांकडं बोटीनं जाण्याआधी धक्क्याजवळच्या ढाब्याला माणसं किती आणि मासा की भाजी हे सांगून ठेवा. परतायला दोन-अडीच तास लागतात, तोवर गरम जेवण तयार होतं. न सांगता गेलात तर आल्यावर उरलेला भात आणि पातळ डाळ.

कधी जायचं तेही जेवणाशी जोडलेलं आहे. १५ एप्रिल ते १४ जून यंत्रबोटींची मासेमारी बंद असते. छोट्या होड्या चालतात, पण मोठा मासा आणि शेवंड तेव्हा बर्फातली असण्याची शक्यता जास्त आणि भावही चढे. पुढे पावसात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि बाजारात भाजी महागते. नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात सोयीचे.

यूपीआय चालतं, पण नेटवर्क गेलं की अडतं, आणि छोट्या बेटांवर एटीएम मोजकीच. रोख पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, सुट्टे शंभर-पन्नास जास्त. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं बंधनकारक नाही. काढायला सांगता येतो. साध्या खानावळीत हा प्रश्नच येत नाही.

घरून नेण्यासारखं म्हणजे भडंग, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि थोडा कांदा-लसूण मसाला. ज्वारीची भाकरी तिथं मिळणार नाही, आणि नुसत्या भातावर काही जणांचं पोट भरत नाही. भडंग बोटीच्या प्रवासात उपयोगी पडतं, पण दमट हवेत उघडं पाकीट तासाभरात मऊ पडतं. मोठ्या पुड्याऐवजी लहान लहान पुड्या न्या आणि एका वेळी एकच फोडा. कंदी पेढे उन्हात घेऊन हिंडू नका, वास धरतात. चटणी आणि मसाला विमानाच्या मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत ठेवलात तर तपासणीत काढून घेऊ शकतात. मसाल्याची पुडी खानावळीत नेली तर बहुतेक ठिकाणी त्यात मासा तळून द्यायला तयार होतात. फक्त गर्दीच्या आधी, साडेअकराच्या सुमारास सांगा.